आधी मला वाटलं होतं

शाळेच्या कागदोपत्री त्यांचं नाव काही का असेना, सगळ्या गल्लीत त्या ‘आधीबाई’ म्हणूनच ओळखल्या जात. भाजीवाली, शिंपी, समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर, सगळ्यांच्या तोंडी आधीबाईच. नवख्या माणसाला वाटायचं, या शाळेत एखाद्या ‘नंतरबाई’ही असतील. नव्हत्या. होत्या त्या एकट्याच, आणि एकट्याच दहाजणींना भारी होत्या.

हे नाव पडलं ते दुसरीच्या गणिताच्या वहीवरून. बाई मुलांकडून जी वही लिहून घेत, तिच्यात गणितं कमी आणि गप्पा जास्त असत. कागद घ्यायचा, दुमडायचा, कापायचा, वहीत चिकटवायचा आणि खाली आपल्या शब्दांत लिहायचं की मला काय दिसलं आणि काय वाटलं. चुकलं तर खोडायचं नाही. चुकीवर पट्टीनं एकच रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. मग पुढे लिहायचं, ‘आधी मला वाटलं होतं...’ आणि त्याच्या खाली, ‘आता वाटतं...’ वर्षाच्या पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाची खोडरबरं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जमा होत आणि तो डबा कपाटावर चढे. वर्ष संपताना डबा खाली उतरे, तेव्हा आपलं खोडरबर कुठलं हे निम्म्या मुलांना आठवत नसे आणि उरलेली निम्मी दुसऱ्याचं चांगलं बघून ‘हेच माझं’ म्हणत.

लाल शाई बाईंच्या वर्गात नव्हतीच. त्या शिसपेन्सिलीनं समासात एकच शब्द लिहीत, ‘कशावरून?’ बरोबर असलं तरी कशावरून, चूक असलं तरी कशावरून. ही सवय घरीही गेलेली. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. सकाळी चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, ‘‘साखर कमी आहे,’’ की स्वयंपाकघरातून आलंच, ‘‘कशावरून?’’ मग ते कप पुढे करून म्हणायचे, ‘‘हा घे. चिकटव वहीत!’’

बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या बरं का. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या वर्गाच्या वह्या म्हणजे नुसते मोती. फळ्यावर जे असेल ते जसंच्या तसं वहीत, आणि पानापानावर दहापैकी दहा. एके दिवशी त्यांनी मुलांच्या हातात एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, ‘‘याचा अर्धा करून दाखवा.’’ एकही मूल हललं नाही. सगळी हाताची घडी घालून फळ्याकडे बघत बसली. शेवटी एकजण म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही फळ्यावर काढा ना, मग आम्ही काढतो.’’ बाईंना ते असं लागलं की दुपारचा डबासुद्धा गोड लागला नाही. हातात अख्खा कागद आहे, डोक्यात दहापैकी दहा आहे, आणि अर्धा म्हणजे काय ते फळ्याला विचारायचं! दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा डबा वर्गात आला. तेव्हापासूनची ही वही.

तर अशा बाईंच्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, वयानं त्या आधीबाईंहून पुष्कळ लहान असल्या तरी. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. कामाला वाघ होत्या. शाळेचे गळके नळ त्यांनी आल्या आल्या दुरुस्त करून घेतले. पण त्यांना नीटनेटकेपणाचं भारी वेड. दुसरीच्या गणिताच्या वह्या त्यांनी उघडल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कुठे रेघांवर रेघा, कुठे डिंकानं पानं चिकटलेली, कुठे अंगठ्याचे ठसे, एका पानावर तर चक्क मुंगी चिकटलेली.

‘‘बाई, हे काय आहे?’’

‘‘पाव भाग आहे,’’ आधीबाई म्हणाल्या. ‘‘मुंगी जादा आहे.’’

मोठ्या बाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘पालक तक्रार करतात. मुलांच्या वहीत चुकाच चुका दिसतात, बाई दुरुस्त करत नाहीत म्हणतात. हल्ली छापील पुस्तिका मिळतात. आकार आखलेले असतात, मुलांनी अर्धा, पाव रंगवायचा, झालं. शनिवारी पालकसभा आहे. तिथे या वह्या दाखवू. पालकांना पटलं तर तुमची वही चालू दे. नाही पटलं तर पुढच्या सत्रापासून पुस्तिका.’’

आधीबाईंच्या नाकावर कधी माशी बसायची नाही. ‘‘दाखवू की!’’ म्हणून त्या ताडताड निघून आल्या. पण वर्गात येऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी वह्यांचा ढीग पुढे ओढला. पालक त्यांना चांगले माहीत होते. आईबापाला पोराची वही दिसते ती लांबून दिसते. स्वच्छ आहे का, ठीक आहे का, संपलं. आणि ही वही गेली तर बाईंचं आयुष्यभराचं काम गेलं. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? बढती त्यांनी घेतली नव्हती, बक्षीस कुणी दिलं नव्हतं. या मळक्या वह्या हेच त्यांचं वैभव.

पण बाईंच्या हातात एक हुकमाचं पान होतं. ते म्हणजे पुटपुटी.

पुटपुटी ही वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. आधीच्या शाळेतून ती ‘मंद’ असा शिक्का घेऊन आली होती. विचारलं तर ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. तिचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बाजारातली निम्मी दुकानं त्याच्या अक्षरांनी ओळखली जात, आणि त्याला सगळे पेंटरच म्हणत. पोरगी तोंडानं बोलत नव्हती, पण वहीत बोलायची. तिच्या वहीत एका पानावर एक गोल होता, त्यात तीन उभ्या रेघा, आणि खाली लिहिलेलं, ‘चार तुकडे झाले. हा पाव.’ मग त्यावर रेघ. ‘आधी मला वाटलं होतं, चार तुकडे झाले की पाव होतो. आता वाटतं, कडेच्या तुकड्याला कमी मिळालं.’ पुढच्या पानावर, ‘पाव भाग चौकोनीच असतो.’ त्यावरही रेघ.

मग तो दिवस आला. बाईंनी सगळ्यांना दोन दोन सारखे चौकोनी कागद दिले. एक कागद मधोमध उभा-आडवा कापायचा, म्हणजे चार छोटे चौकोन. दुसरा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून कापायचा, म्हणजे चार त्रिकोण. मग बाईंनी विचारलं, ‘‘समजा हे चॉकलेट आहे. त्रिकोण घ्याल का चौकोन?’’

‘‘त्रिकोण!’’ सगळा वर्ग ओरडला. ‘‘तो मोठा आहे!’’

पुटपुटीनंही तेच लिहिलं होतं. ‘त्रिकोण मोठा. कारण त्याची एक बाजू अख्ख्या कागदाएवढी लांब आहे.’ बाईंनी समासात लिहिलं, ‘कशावरून?’

झालं! पोरगी दोन तास त्या शब्दाकडे बघत पुटपुटत बसली. मधल्या सुट्टीत सगळी मुलं बाहेर पळाली, ही बाकावरच. तिनं त्रिकोण बरोबर मधोमध दुमडला. कापला. दोन छोटे त्रिकोण झाले. ते असे फिरवले, तसे फिरवले, लांब बाजू लांब बाजूला लावली आणि छोट्या चौकोनावर ठेवले. चौकोन गडप! एक टोक बाहेर नाही, एक फट आत नाही.

‘‘बाई!’’ पुटपुटी किंचाळली. ‘‘बाई, सारखेच आहेत! दिसतात वेगळे, पण सारखेच आहेत!’’

आवाज एवढा मोठा की शेजारच्या वर्गातल्या बाई काय पडलं म्हणून बघायला आल्या. आधीबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ज्या पोरीला लोक मंद म्हणत होते, तिनं सगळ्या वर्गाला खोटं पाडलं होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतःला खोटं पाडलं होतं. तिनं ते तुकडे भरपूर डिंक लावून वहीत चिकटवले आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत सगळी हकिगत लिहिली. ते पान बाईंनी इतक्या वेळा बघितलं की यजमान म्हणाले, ‘‘आता फ्रेम कर त्याची.’’

पालकसभेला दाखवायचं ते हेच पान, हे बाईंनी मनात पक्कं केलं.

सभेआधी वह्यांवर पालकांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून वह्या घरी गेल्या. गुरुवारी सकाळी मुलं वह्या घेऊन आली. पुटपुटीनं आपली वही टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. बाईंनी वही उघडली आणि त्या बघतच राहिल्या.

वही नवी कोरी होती. समास आखलेले, कोपऱ्यात बारीक नक्षी, आकार असे की कंपासानं काढावेत आणि कंपासानं लाजावं. अक्षर म्हणजे तर दुकानाच्या पाटीवरचं अक्षर लहान करून बसवलेलं. एकही चूक नाही, एकही रेघ नाही, ‘आधी मला वाटलं होतं’ तर कुठेच नाही. पेंटरनं पोरीची सगळी वही उतरवून काढली होती, फक्त बरोबर असलेलं तेवढंच ठेवून. बाईंनी घाईघाईनं ते पान काढलं. तिथे एक निळा त्रिकोण आणि एक पिवळा चौकोन, दोन्ही देखणे. खाली लिहिलं होतं, ‘त्रिकोणी पाव भाग चौकोनी पाव भागापेक्षा मोठा असतो.’

बाईंनी डोक्याला हात लावला. म्हणजे अख्ख्या वहीतल्या सगळ्या चुका त्या भल्या माणसानं काढून टाकल्या, आणि जे एक खरं रत्न होतं तेच त्याला चूक वाटलं, म्हणून तेही दुरुस्त केलं! करायला गेला एक आणि झालं भलतंच.

संध्याकाळी बाई पदर खोचून पेंटरच्या दुकानाकडे निघाल्या. चांगलं झाडायचं, असं ठरवूनच.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेल्या अर्ध्या रंगवलेल्या पाट्या, रंगांचे डबे, टर्पेंटाइनचा वास. पेंटर एका कोऱ्या पाटीवर खडू फासलेली दोरी ताणून धरत होता. त्यानं दोरी मधे उचलून सोडली, टप्प आवाज झाला आणि पाटीवर सरळ पांढरी रेघ उमटली. बाईंना बघून तो एवढा हरखला की त्याला स्टूल सापडेना. स्टूल त्याच्या हातातच होतं.

‘‘बाई, वही बघितली?’’

‘‘बघितली.’’ बाई ताकाला आल्या होत्या, पण भांडं कसं पुढे करावं ते त्यांना कळेना. ‘‘जुनी... जुनी वही कुठे आहे?’’

‘‘ती होय!’’ पेंटर हसला. ‘‘ती कशाला ठेवू? ब्रश पुसायला घेतली.’’

बाईंनी खाली बघितलं. डब्यांच्या शेजारी चुरगाळलेले कागद पडले होते. एकावर निळ्या रंगाचा फराटा, आणि फराट्याच्या खालून डोकावणारी वाकडी अक्षरं, ‘आधी मला वाट’. बाईंचा असा तिळपापड झाला की ओठावर आलेले शब्द काही सांगण्यासारखे नव्हते. तेवढ्यात पेंटर स्वतःच बोलायला लागला.

‘‘बाई, मी शाळा का सोडली माहीत आहे? माझी वही घाण असायची. आमच्या मास्तरांनी ती खिडकीतून बाहेर फेकली. मी उचलून आणली, शर्टाला पुसली, पुन्हा बसलो. पुन्हा फेकली. सगळा वर्ग हसला. मग मी वही आणायला गेलो तो परत वर्गात आलोच नाही.’’ त्यानं ब्रश डब्याच्या काठाला निथळवला. ‘‘आता माझी अक्षरं सगळ्या बाजारात टांगलेली आहेत, कोण फेकतो बघू! पण पोरीच्या वहीत एवढ्या चुका बघितल्या आणि माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं, सभेत हिची वही कुणी फेकायला नको. रात्रभर बसलो. सकाळी तिच्या हातात दिली तर ती बोललीच नाही काही. आनंद झाला असणार.’’

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला काय झाडायचं? त्याच्या लेखी त्यानं पोरीची वही फाडली नव्हती, स्वतःची वही खिडकीखालून उचलून आणली होती. ‘‘अक्षर फार सुंदर आहे तुमचं,’’ एवढंच म्हणून त्या उठल्या, आणि ते खरंच होतं.

शुक्रवारी आणखी गंमत झाली. मोठ्या बाई उद्याच्या वह्या चाळायला आल्या. एकेक वही उघडून नाक मुरडत होत्या, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

‘‘अहो, ही बघा! अशी वही असेल तर माझी काय हरकत आहे? उद्या हीच दाखवू या. ही बघितल्यावर पालक एक अक्षर काढणार नाहीत. मग चालू ठेवा तुमची वही, मी पुस्तिका मागवत नाही.’’ त्यांनी पान न् पान उलटलं. निळ्या त्रिकोणाचंही उलटलं. ‘‘सुरेख!’’

आता आली का पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आधीबाई गप्प बसल्या तर वही टिकत होती, पेंटरचा मान राहत होता, सगळं सुरळीत होत होतं. बोलल्या तर भर सभेत एका बापाची मान खाली जाणार, आणि वहीही जाणार.

घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते घड्याळात डोकं घालून बसले होते. म्हणाले, ‘‘मग गप्प बस की. वही वाचली, पेंटर खूश, मोठ्या बाई खूश. बिघडलं कुणाचं?’’

‘‘पोरीचं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तिनं एकदाच तोंड उघडलं, तेही खरं बोलायला. आता सगळे मिळून तिला सांगणार, तू चुकलीस.’’

यजमानांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, बाईंकडे बघितलं आणि पुन्हा लावलं.

शनिवारी दुसरीच्या वर्गात पालक दाटीवाटीनं बसले होते. बाक मुलांच्या मापाचे, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी. मुलं भिंतीकडेला उभी. पेंटर पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. नखांत मात्र निळा रंग राहिलाच होता. मोठ्या बाईंनी चार शब्द बोलून ती वही उंच धरली. ‘‘वही कशी असावी, तर अशी!’’ सगळ्यांनी माना उंचावल्या. कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. पेंटरची छाती फुगली. ‘‘एक पान वाचून दाखवते,’’ म्हणत मोठ्या बाईंनी मधलं सगळ्यात देखणं पान उघडलं, आणि ते नेमकं तेच निघालं. ‘‘त्रिकोणी पाव भाग चौकोनी पाव भागापेक्षा मोठा असतो.’’

भिंतीकडून पुटपुट ऐकू आली.

‘‘काय गं? काही म्हणायचंय?’’ मोठ्या बाईंनी विचारलं. पुटपुटीनं ओठ मिटून घेतले आणि मान हलवली. नाही.

एवढ्यावर सगळं मिटत होतं. आधीबाईंनी पेंटरकडे बघितलं. मग पोरीकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेलेच होते. गेली वही तर गेली खड्ड्यात, असं त्यांनी मनात म्हटलं आणि उठून उभ्या राहिल्या.

‘‘मोठ्या बाई, आमच्या वर्गात एक नियम आहे. ज्याची वही त्यानं सांगायची. दुसऱ्यानं नाही.’’ त्यांनी पुटपुटीपुढे हात केला. ‘‘ये, बाळा.’’

पोरगी पुढे आली. तिनं वहीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाली, ‘‘ही बाबांची वही आहे. खूप छान आहे. पण माझ्या वहीत असं नव्हतं. त्रिकोण मोठा नाहीये.’’

पेंटरचा चेहरा पडला. त्याच्या मानेपर्यंत लाली चढली आणि तो आपल्या हातांकडे बघायला लागला. मोठ्या बाईंनी वही मिटली. आधीबाईंचा आवाज मात्र खणखणीत निघाला.

‘‘थांबा. आधी तुमचं ऐकू. चौकोनी कागदाचा पाव भाग, एक त्रिकोणी, एक चौकोनी. त्रिकोण मोठा आहे असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा.’’

एक हात, दोन हात, बघता बघता सगळी खोली हातांनी भरली. मोठ्या बाईंचाही हात वर गेला. पेंटरनं हात उचलला नाही, पण त्याचं मत तर वहीत लिहिलेलंच होतं.

बाईंनी पुटपुटीच्या हातात खडू दिला. ‘‘तुझी वही नाही ना? मग फळ्यावर लिही. सगळं. पहिल्यापासून.’’

आणि काय सांगू! जिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती पोरगी बोलायला लागली. फळ्यावर गोल काढला, तीन उभ्या रेघा मारल्या. ‘‘आधी मला वाटलं होतं, चार तुकडे झाले की पाव होतो.’’ त्यावर एक रेघ. ‘‘मग कळलं, कडेच्याला कमी मिळतं.’’ मग ‘पाव चौकोनीच असतो’ लिहिलं, त्यावरही एक रेघ. एकेक चूक तिला पाठ होती. वही ब्रश पुसण्यात गेली होती, पण चुका तिच्याजवळच होत्या. आवाज दर रेघेला मोठा होत होता. ‘‘मग मला वाटलं होतं, त्रिकोण मोठा. आत्ता तुम्हाला वाटलं ना, तसंच.’’

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी दोन कागद पुढे केले. पोरीनं ते चरचर कापले. एक चौकोन ठेवला, एक त्रिकोण उचलला, मधोमध दुमडला, कापला. एक तुकडा बाकाखाली उडाला, तो एका आजोबांनी वाकून, ‘आई गं’ करत काढून दिला. आता सगळे बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाले होते. पोरीनं लांब बाजूला लांब बाजू लावली आणि दोन्ही तुकडे चौकोनावर सरकवले. बरोबर बसले.

‘‘अरेच्चा!’’ आजोबा म्हणाले.

‘‘म्हणजे माझा हात उगीचच वर गेला,’’ एक आई म्हणाली.

‘‘उगीच कशाला? आता लिहायचं की, आधी मला वाटलं होतं!’’ आधीबाई म्हणाल्या आणि अख्खी खोली हसली. मोठ्या बाई तुकडे उचलून स्वतः पुन्हा लावून बघत होत्या. एकदा लावले, पुन्हा लावले. मग म्हणाल्या, ‘‘हात तर माझाही वर होता. राहू द्या त्या पुस्तिका.’’ आणि थोडं थांबून, ‘‘पण बाई, डिंक जरा कमी वापरत जा.’’

पालक आपापल्या मुलांच्या मळक्या वह्या उघडून रेघांखालचं वाचायला लागले. खोलीत एकच गलका झाला. बाईंना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वह्या कुणी जवळून बघत होतं.

पेंटर मात्र बाकावरच होता. मग तो उठला, टेबलाजवळ आला आणि त्यानं आपली वही उचलली. ‘‘बाई, मी चुकलो. एवढं पान फाडून टाकतो.’’ पान त्याच्या चिमटीत आलंही होतं.

‘‘बाबा, फाडायचं नाही!’’ पुटपुटीनं त्याचा हात धरला. ‘‘वर एक रेघ मारायची. खालचं दिसलं पाहिजे.’’

जन्मभर रेघा मारलेला माणूस. शिडीच्या टोकावर उभा राहूनसुद्धा त्याचा हात कधी हलला नव्हता, पण स्वतःच्या अक्षरांवर त्यानं कधी रेघ मारली नव्हती. बाईंनी पेन्सिल आणि पट्टी दिली. त्यानं आपल्या सुरेख अक्षरांवर एक रेघ मारली. खाली लिहिलं, ‘आधी मला वाटलं होतं, पोरगी चुकली.’ मग थांबला. ‘‘पुढे काय लिहू गं?’’

‘‘तुम्हाला जे वाटतं ते,’’ पोरगी म्हणाली.

त्यानं लिहिलं, ‘आता वाटतं, दोन्ही सारखेच आहेत. पोरीनं कापून दाखवलं.’ अक्षर थोडं वाकडं आलं. त्यानं ते तसंच राहू दिलं, वही दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली आणि हळूच विचारलं, ‘‘बाई, आता ही कुणी फेकणार नाही ना?’’

‘‘फेकून तर बघू दे कुणी!’’ आधीबाई कडाडल्या, आणि ती वही घेऊन त्यांनी ढिगात सगळ्यात वर ठेवली.